दगड सोड, खंड्या

खंड्याच्या डाव्या डोळ्याखाली सूज आली तेव्हा आम्हाला वाटलं, गांधीलमाशी चावली असेल. कापसाच्या दुसऱ्या वेचणीचे दिवस होते. मानवत तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या आखाड्यावर, बांधाच्या बाभळीत गांधीलमाश्यांचं पोळं लटकलेलं. दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. हळद लावली. चार दिवसांत सूज ओसरली, पंधरवड्याने पुन्हा आली आणि या खेपेला फुटून पू वाहू लागला.

डॉक्टरांनी डोळ्याला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी खंड्याचा वरचा ओठ बोटाने उचलला आणि मला जवळ बोलावलं. वरच्या जबड्यातली मोठी दाढ बाहेरच्या अंगाने कपची उडाल्यासारखी फुटलेली होती. फुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. "दगड चावतो का हा?" त्यांनी विचारलं.

चावतो की नाही ते माहीत नव्हतं, पण आणतो खरा. पिल्लू होता तेव्हापासून आणतो. घरातल्या पोरांनी एकदा बांधावरून दगड भिरकावला, "छू" म्हटलं, आणि हा तोच दगड तोंडात धरून परत आला. केवढं कौतुक झालं तेव्हा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा तो खेळच होऊन बसला. दहा दगडांतून नेमका आपला फेकलेला दगड वासावरून ओळखून आणायचा. चार वर्षं आम्ही त्याला दगड फेकले.

परभणी जिल्ह्यातला दगड म्हणजे काळा बेसाल्ट. लाव्हा थिजून झालेला, पाटा-वरवंटा ज्याचा करतात तो. माणसाच्या दातावरचं एनॅमलचं कवच दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं. कुत्र्याच्या दातावर ते एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. त्यांतली वरची चौथी अग्रदाढ आणि तिच्याखाली येणारी खालची पहिली दाढ अशी जोडी कात्रीसारखी चालते. हाड, लाकूड, दगड, जे काही टणक असेल ते कुत्रा याच जोडीत धरतो. दगड दबत नाही, त्यामुळे सगळा जोर दाढेवर येतो आणि बाहेरच्या बाजूची चकती उडते. आतली नस उघडी पडते, तोच तो काळा ठिपका. या दाढेची मुळं थेट डोळ्याखालच्या हाडापर्यंत पोचलेली असल्यामुळे मुळाशी झालेला पू गालावर, डोळ्याखाली फुटतो. डोळ्याखाली सूज येते, जाते, पुन्हा येते, अशी गोष्ट कुणाच्या कुत्र्याची ऐकली की आता मी आधी तोंड उघडून बघायला सांगतो. कुत्रं मात्र शेवटपर्यंत खात राहतं, एका बाजूने चावत राहतं, दुखतंय हे सांगत नाही.

परभणीला नेऊन, भूल देऊन दाढ काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, दगड बंद. बंद म्हणजे काय करायचं, हा प्रश्न आम्हाला घरी आल्यावर पडला. तोंड बरं झालं तसा खंड्या नव्या दमाने दगड आणून पायापाशी टाकू लागला आणि वर तोंड करून बघू लागला.

नंतर वाचनात आलं की हीच अडचण अर्ध्या जगापलीकडे दुसऱ्या एका घरात पूर्वीच येऊन गेली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कहम नावाच्या गृहस्थाकडे फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता, पोलीस खात्यातून निवृत्त झालेला. दगड-धोंडे चावून त्यानेही दातांची वाट लावली होती. मार्कहम एकदा आपली फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत होते आणि फ्रिट्झ शेजारी दगड चघळत बसला होता. त्याला त्यापासून परावृत्त करायला त्यांनी गाडीचे सुटे भाग एकेक करून त्याच्याकडे टाकले. त्यांतला चाकाच्या आसाजवळचा एक रबरी अडथळा कुत्र्याने उचलला आणि मग सोडेचना. त्या वेड्यावाकड्या रबरी तुकड्याच्या आकारावरून पुढे काँग नावाचं पोकळ रबरी खेळणं निघालं, जे आज जगभर विकलं जातं. मला या गोष्टीत दोन तपशील महत्त्वाचे वाटतात. एक, रबर दबतं आणि दाताला जागा देतं. दुसरा, तो तुकडा सरळ उसळत नव्हता. जमिनीवर पडला की कधी डावीकडे, कधी उजवीकडे उडायचा, एखाद्या पळणाऱ्या जनावरासारखा.

फेकलेली वस्तू कुत्रा का आणतो, याचं उत्तर याच पळण्यात आहे. कुत्र्यांवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीच्या वागण्याची साखळी मांडली आहे: आधी नजर लागते, मग दबा, मग पाठलाग, मग धरणं, मारणं, फाडणं आणि खाणं. लांडग्यात ही साखळी पूर्ण असते. माणसाने निरनिराळ्या कामांसाठी कुत्री निवडली तशी कुठे एक कडी जाड झाली, कुठे दुसरी झिजली. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यात दबा आणि पाठलाग उरला, मारणं जवळपास गेलं. पाण्यात पडलेला पक्षी आणून देणाऱ्या लॅब्रॅडॉरसारख्यांत धरून आणणं वाढलं. चेंडूमागे धावणारं कुत्रं या साखळीतल्या मधल्या दोन-तीन कड्या खेळत असतं.

आणि परत आणून देणं? त्यासाठी फक्त शिकार पुरत नाही, समोरच्या माणसाशी खेळ चालू ठेवायची ओढ लागते. स्वीडनमध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या क्रिस्टिना हॅन्सन व्हीट आणि हॅन्स टेमरिन यांनी माणसांच्या हाताखाली वाढलेली लांडग्याची १३ पिल्लं घेतली, तीन वेगवेगळ्या विणींची. आठ आठवड्यांची असताना अनोळखी माणसाने चेंडू फेकला आणि बोलावलं. १३ पैकी तिघांनी तो आणून दिला. हे काम २०२० साली प्रसिद्ध झालं. लांडग्याच्या पिल्लालाही कधीमधी ते सुचतं, याचं संशोधकांनाच नवल वाटलं. म्हणजे खंड्या दगड आणून पायावर टाकत होता तेव्हा त्याला हवा होता तो पाठलाग, आणि तो पाठलाग सुरू करून देणारे आम्ही. दगड त्यात आला कारण आम्ही दगड फेकला.

मराठवाड्यात हे लिहायचं तर कारवानी कुत्र्यांचा विषय सोडता येत नाही. लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि कर्नाटकातल्या मुधोळच्या संस्थानाने सांभाळली म्हणून यांनाच मुधोळ हाउंडही म्हणतात. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. लांब पाय, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. ही जात नजरेने शिकार करणारी. हलणारं दिसलं की सुटते. कारवानी पाळणाऱ्यांची एक तक्रार मी अनेकदा ऐकली आहे: "चेंडूमागं जातो, पण आणत नाही. अर्ध्यात सोडून येतो." त्यात कुत्र्याचा दोष नाही. चेंडू थांबला की त्याच्या लेखी ससा संपला. त्याच्या शेकडो पिढ्या धावण्यासाठी निवडल्या गेल्या, उचलून आणण्यासाठी नव्हे. अशा कुत्र्याला चेंडू फेकत बसण्यापेक्षा लांब दोरीला बांधलेली चिंधी पळवावी. तिच्याकडे मी पुढे येतोच, कारण आमच्या गावठी खंड्याचा दगडही त्या चिंधीनेच सोडवला.

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो. परभणीहून जाड रबराची एक कडी आणली. प्लास्टिकमधून काढली आणि खंड्यासमोर टाकली. त्याने वास घेतला, मान वळवली आणि तुळशीवृंदावनामागे जाऊन निजला. धाकटीने ती कडी त्याच्या तोंडाशी नेली, दातांना लावली, "घे ना रे" म्हणून विनवलं. तो उठून आणखी लांब गेला. संध्याकाळी दगड घेऊन हजर. दोनशे रुपये पाण्यात गेले, असं घरात ठरलं.

नवं म्हणून कुत्र्याला नको असतं, असं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. ब्रिटनमधल्या काउलफुस आणि मिल्स या संशोधकांनी १७ कुत्र्यांपुढे दोन ओळखीची आणि एक अनोळखी अशी तीन खेळणी ठेवली. ५० पैकी ३८ वेळा कुत्र्यांनी आधी अनोळखी खेळणं उचललं. मग आमची कडी खंड्याने का नाकारली? एक तर ती मेलेली होती. जी वस्तू जागची हलत नाही ती शिकार नव्हे. त्यात आम्ही ती त्याच्या तोंडाकडे नेली. कुठलंही सावज पळून लांब जातं, शिकाऱ्याच्या तोंडात स्वतःहून शिरत नाही. जवळ जवळ सरकत येणाऱ्या वस्तूपासून कुत्रं सावध होतं. शिवाय तिला कारखान्याचा उग्र वास होता, आणि समोर चार वर्षांच्या सवयीचा, स्वतःच्या लाळेचा वास असलेला दगड होता. त्या दगडाशी "छू" जोडलेलं होतं, पोरांचा आरडाओरडा जोडलेला होता, आमचं कौतुक जोडलेलं होतं. कडीशी काहीच जोडलेलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम वासाचं केलं. कडी साबणाशिवाय कोमट पाण्यात धुतली आणि खंड्याच्या निजायच्या गोणपाटाखाली चार दिवस ठेवून दिली. रविवारी कोंबडीचं आळणी होतं तेव्हा मीठ, मसाला, कांदा पडायच्या आत वाटीभर पाणी काढून घेतलं आणि त्यात ती बुचकळून वाळवली. कांदा-लसणाचं मात्र कुत्र्याला चालत नाही. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्याच्या घरी मांसाहार नसेल त्याने भाकरीला लावलेल्या लोण्याचा हात फिरवला तरी पुरे.

दुसरं काम दोरीचं. हाताला घट्ट बसेल अशी बांबूची काठी, तिच्या टोकाला कासऱ्याची जुनी दोरी दोन-अडीच हात, आणि दोरीला जुन्या धोतराची चिंधी. पहिल्या दिवशी कडी बांधलीच नाही, नुसती चिंधी. खंड्याला हाक न मारता, त्याच्याकडे न बघता, मी ती अंगणात जमिनीलगत ओढत निघालो. दोन हात सरकवायची, थांबवायची, थरथरवायची, मग एकदम कणगीच्या आड न्यायची. खंड्या उठला. कान पुढे झाले. चिंधी कणगीआड गेली तसा तो पोटाशी पाय घेऊन दबकत आला, कॉपिंजरनी लिहिलेली साखळी जशीच्या तशी अंगणात उलगडली. झेप घेतली तेव्हा मी एकदाच धरू दिली, ओढाताण केली, आणि खेळ बंद. चिंधी उचलली, काठीसकट माळ्यावर ठेवली. तो माळ्याखाली उभा राहून कितीतरी वेळ वर बघत होता.

खेळ रंगात असताना थांबवणं हे पोरांना फार जड गेलं, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. कुत्रं कंटाळेपर्यंत खेळवलं की त्या वस्तूशी कंटाळा जोडला जातो. ब्रिटनमध्येच पुलेन आणि सहकाऱ्यांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे: तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की कुत्र्याचा रस उतरत जातो आणि अखेर तो त्याकडे बघेनासा होतो, मग वेगळं दिलं की खेळ पुन्हा सुरू. त्याआधीच्या त्यांच्या अभ्यासात कुत्र्यांनी सहज चावता येणारी किंवा आवाज करणारी खेळणी पसंत केली होती. अंगणात दिवसभर पडून राहिलेल्या खेळण्याचं म्हणूनच लवकर मातेरं होतं. दोन-तीन ठेवावीत, एक बाहेर काढावं, बाकीची नजरेआड, आणि आठवड्याने बदलावीत.

तिसऱ्या दिवशी चिंधीच्या गाठीत कडी अडकवली. पाचव्या-सहाव्या दिवशी दोरी सोडून कडी हातानेच जमिनीवरून घसरत फेकली, पाच पावलं, त्याच्यापासून लांब जाईल अशी. गेला, उचलली, आणि घेऊन पळाला. इथे पोरं त्याच्यामागे धावणार तोच मी अडवलं. मागे धावलं की खेळ उलटा होतो, आता कुत्रं सावज आणि आपण शिकारी, आणि त्याला तो खेळही तितकाच आवडतो. आपण पाठ फिरवून उलट दिशेला चालू लागायचं, "यू, यू" करायचं. तो येतोच.

आपल्याकडे कुत्र्याशी बोलायचे तीन जुने शब्द आहेत: सोडायला छू, बोलवायला यू, हाकलायला हाड. तोंडातलं खाली ठेवायला मात्र असा खास शब्द नाही. आम्ही साधं "सोड" वापरलं आणि ते शिकवायला हुबेहूब तशीच दुसरी कडी आणली. एक तोंडात घेऊन आला की दुसरी हातात हलवायची. हातातली जिवंत, तोंडातली मेलेली. तो तोंडातली टाकतो. टाकता टाकता "सोड" म्हणायचं आणि लगेच दुसरी फेकायची. चार-पाच दिवसांत शब्द ऐकूनच टाकू लागला. तोंडात हात घालून वस्तू काढून घेणं मी कधीच करू देत नाही. हिसकावून घेणाऱ्या घरातलं कुत्रं एक गोष्ट पक्की शिकतं: पटकन गिळून टाकलं की कुणी काढून घेत नाही.

दगडाचं काय केलं? तो आणला तर आम्ही दगडाकडे बघणं सोडलं. रागावणं नाही, हसणं नाही, उचलणं तर नाहीच. भाकरीचा तुकडा दाखवायचा, दगड पडला की तुकडा द्यायचा आणि कडी काढायची. गड्यांना, पाहुण्यांना, शेजारच्या आखाड्यावरच्या पोरांना, सगळ्यांना सांगून ठेवलं की याला दगड फेकायचा नाही. हे सगळ्यात अवघड. दहा जणांनी पाळलं आणि अकराव्याने एक दगड भिरकावला की आठवड्याची मेहनत गेली. तीन आठवड्यांनी खंड्या सकाळी माळ्याखाली जाऊन उभा राहू लागला.

दगड सुटला म्हणून लोक काठीकडे वळतात, आणि आपल्याकडे काठी म्हणजे बहुधा पऱ्हाटी किंवा तुराटी. वेचणी संपली की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर असतातच. पऱ्हाटी विळ्याने तिरकी कापलेली असते, टोक भाल्यासारखं. फेकलेली काटकी काळ्या भुसभुशीत रानात उभी रुतते आणि वेगात आलेलं कुत्रं तोंड उघडं ठेवून तिच्यावर आदळतं. टाळूला, जिभेखाली, घशात जखम होते, कधी काटकीचा तुकडा आत राहून महिन्याने मानेवर गळू येतं. तुराटी चावली की तिच्या सळ्या निघतात आणि हिरड्यांत घुसतात. बाभळीच्या फांदीबद्दल बोलायलाच नको. शिवाय कापसावर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. बांधावर टाकून दिलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या तर मी पोरांना आणि कुत्र्याला, दोघांनाही हात लावू देत नाही. प्लास्टिकची बाटली चावताना कुरकुर वाजते म्हणून कुत्र्याला ती फार आवडते, आणि तळाशी उरलेले चार थेंब त्याचा जीव घ्यायला पुरतात. सरकीच्या पोत्यापासूनही कुत्र्याला लांब ठेवावं. सरकीतलं गॉसिपॉल कुत्र्याला बाधतं.

टेनिसचा चेंडू सगळ्यांना निर्धोक वाटतो. गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, मैदानाच्या कडेला फुटके चेंडू पडलेले असतात, कुत्री ते घेऊन हिंडतात. त्याच्यावरच्या लोकरीत माती भरली की ती पॉलिश पेपरसारखी घासते आणि रोज तासभर चघळणाऱ्या कुत्र्याचे सुळे काही वर्षांत खुंटासारखे होतात. फेकून आणायला चांगला, चघळायला देऊ नये, इतकं पाळलं तरी खूप. त्याचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या थोडा वर असतो, मध्यम कुत्र्याला पुरेसा. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याच्या मात्र तो सुळ्यांच्या मागे जाऊन घशात बसू शकतो, आणि लाळेने ओला गोल चेंडू बोटांनी निघत नाही. दुकानात बरणीत मिळणारे छोटे रबरी चेंडू तर कुठल्याच कुत्र्याला नकोत. अर्धा फुटलेला चेंडू, आंब्याची कोय, मक्याचं बुरकुंड, या तीन वस्तू आतड्यात अडकतात. कुत्रं वारंवार ओकत असेल, खाणं सोडलं असेल, शौच थांबलं असेल तर घरगुती उपाय करत दिवस काढू नयेत, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या जिल्ह्याची मोठी सोय आहे.

मग घ्यावं काय? अंगठ्याचं नख रुतेल इतपत मऊ आणि दातांनी तुकडा तुटणार नाही इतपत चिवट रबर. ही नखाची परीक्षा दुकानातच करता येते. तीच वस्तू आपल्या गुडघ्यावर आपटली तर कळवळायला होईल का, हेही मनात विचारून बघावं. गोळ्यापेक्षा कडी किंवा आरपार भोक असलेला आकार बरा; चुकून घशात गेला तरी श्वासाला वाट राहते. घरी करायचं तर जुन्या धोतराच्या किंवा जाड सुती कापडाच्या तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घालून दोन्ही टोकांना गाठी माराव्यात. फेकायला ती उत्तम, आपल्या घरचा कापूस. पण धागे सुटू लागले की टाकून द्यायची, कारण गिळलेला लांब धागा आतडं चुण्यांसारखं गोळा करतो आणि कापतो. सायकलच्या टायरचे तुकडे काही जण देतात. त्याच्या कडेत तार असते, ते नको.

रंग निवडताना आपण लाल उचलतो, कारण आपल्याला लाल ठळक दिसतो. कुत्र्याला तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल. जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेराल्ड जेकब्ज यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं की कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्यासारख्या तीन नाहीत. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात; लाल आणि हिरवा त्याच्या लेखी जवळपास एकाच मळकट छटेचे. हरभऱ्याच्या हिरव्या रानात लाल चेंडू फेकला की तो नाक जमिनीला लावून भोवती फिरत राहतो आणि आपण म्हणतो, समोर आहे तरी दिसेना कसा. आमच्या दुसऱ्या जोडीतल्या कड्या निळ्या आहेत. काळ्या रानातही त्या त्याला लगेच सापडतात.

आणखी एक गोष्ट ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढावी लागते, आणि खेळाच्या नादात असलेलं कुत्रं स्वतःहून थांबत नाही. फाल्गुनापासून मृग निघेपर्यंत आम्ही उजाडताना दहा मिनिटं खेळतो, बस्स. जेवल्यावर लगेच तर कधीच नाही; कारवानीसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडतो, आणि तो तासा-दोन तासांत जिवावर बेततो. कडी हवेत उंच फेकायचीही नाही. उडी मारून वळत खाली येताना गुडघा आणि पाठ जाते, म्हणून जमिनीलगत घसरती.

शेजारच्या बीड जिल्ह्याच्या पोलीस दलातल्या रॉकी या कुत्र्याचं नाव २०२० च्या ऑगस्टमध्ये देशभर ऐकलं गेलं. तीनशेच्या वर गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली होती, आणि मरणानंतर त्याला मानाने निरोप दिला गेला. अशा श्वानपथकांतल्या कुत्र्यांना जगभर शिकवतात ते बहुतेक वेळा खेळण्याच्या बळावर. ठरावीक वास सापडला की आवडती वस्तू मिळते आणि हँडलरबरोबर दोन मिनिटं ओढाताण होते. एवढ्यासाठी ती कुत्री तासन्‌तास हुंगत राहतात. त्यांची वस्तूही एरवी त्यांच्या पिंजऱ्यात पडलेली नसते. ती असते हँडलरच्या खिशात.

खंड्या आता सहा वर्षांचा आहे. नांगरटीनंतर रानात दगड वर येतात तेव्हा अजूनही कधी एखादा उचलतो, थोडं चालतो आणि थांबून माझ्याकडे बघतो. मी "सोड" म्हणतो. दगड काळ्या ढेकळांत पडतो, आणि तो माझ्या पुढे धावत आखाड्याकडे निघतो, जिथे माळ्यावर काठी ठेवलेली आहे.